मोडीचा भाव

मराठी घरातून जुनी वस्तू बाहेर पडते, तेव्हा ती सहसा 'विकली' जात नाही. निदान भाषेत तरी जात नाही. वर्तमानपत्रांची रद्दी 'घालतात', पितळेचा हंडा 'मोडीत काढतात', जुनी लुगडी 'बोहारणीला देतात' आणि अडचणीच्या दिवसांत पाटल्या 'मोडतात'. वस्तू हातातून जाते, तिचा मोबदला हातात येतो. म्हणजे व्यवहार विक्रीचाच असतो. तरीही 'विकणे' हे क्रियापद उंबरठ्याच्या आत शक्यतो येऊ दिले जात नाही. भाषेचा हा संकोच सहज आलेला नाही. 'भांडीकुंडी विकायची पाळी आली' हे वाक्य मराठीत दारिद्र्याचे नव्हे, तर अधःपाताचे वर्णन म्हणून वापरले जाते. ज्या घरातून भांडे विकले जाते त्या घराची अब्रू त्या भांड्याबरोबर गेली, असे शेजारीपाजारी मानतात; आणि शेजाऱ्यांनी मानण्याच्या आधी घरातली माणसे स्वतःच तसे मानून मोकळी होतात.

या संकोचाच्या पोटातूनच आपल्याकडचा जुन्या वस्तूंचा व्यापार जन्माला आला आहे. त्याची सगळी रचना एकाच गरजेभोवती उभी आहे: देणाऱ्याला आपण विकतो आहोत असे वाटू नये. बोहारीण ही त्या रचनेची सर्वांत जुनी आणि सर्वांत कुशल कारागीर. ती पैसे देत नाही, भांडे देते. पैसा आला की विक्री झाली. भांडे आले की संसारात भर पडली. जुनी साडी गेली याची रुखरुख नव्या पातेल्याच्या चकाकीत विरघळून जाते, आणि संध्याकाळी घरी परतलेल्या यजमानाला गृहिणी 'आज पातेले घेतले' असे सांगते. 'साड्या विकल्या' असे सांगत नाही.

हा व्यवहार पाहण्यासारखा असतो. दुपारची वेळ, पुरुष कामावर, मुले शाळेत. दारात टोपली उतरते. कपड्यांचे गाठोडे उलगडले जाते आणि घासाघीस सुरू होते.

"वहिनी, ह्या लुगड्यात जीवच नाही राहिला. जरा ताणलं की टरकतंय बघा."

"अगं, चारदासुद्धा नेसलेलं नाही ते. नीट बघ तरी."

"बघितलं, वहिनी. आणखी दोन शर्ट टाका, मग ही परात घ्या."

"परात नको. ते झाकणाचं पातेलं दे."

"पातेल्याला एक धड पॅन्ट लागेल. साहेबांची असेल एखादी कपाटात, बघा की."

आणि ती पॅन्ट कपाटातून निघते. या संवादातले अर्थशास्त्र जितके बारीक आहे, तितकेच त्यातले समाजशास्त्रही बारीक आहे. बोहारीण आपल्या मुलीच्या वयाच्या गृहिणीलाही 'वहिनी' म्हणते आणि 'बघा' म्हणते. गृहिणी आपल्या आईच्या वयाच्या बोहारणीला 'अगं' म्हणते आणि 'बघ' म्हणते. घरातल्या पुरुषाच्या पॅन्टची, मुलाच्या गणवेशाची, सासूच्या नऊवारीची नोंद बोहारणीला असते. वर्षानुवर्षे त्याच गल्लीत फिरल्यामुळे कोणत्या घरात कोण वाढले, कोण जाड झाले, कोण गेले हे कपड्यांवरून तिला कळते. ज्या घरी एकाएकी पुरुषाचे सगळेच कपडे निघतात, त्या घरी ती घासाघीस करीत नाही. तिचे नाव मात्र त्या गल्लीत कोणालाही ठाऊक नसते. धंद्याचे नाव हेच तिचे नाव.

दारातून निघालेले गाठोडे पुढे कोठे जाते, हे देणाऱ्या घराला माहीत नसते आणि माहीत करून घ्यायचेही नसते. संध्याकाळी त्या कपड्यांची निवड होते. धड कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री फिरवून पुन्हा बाजारात उभे राहतात. जे उभे राहू शकत नाहीत त्यांच्या चिंध्या होतात आणि कारखान्यांत व मोटारदुरुस्तीच्या दुकानांत यंत्रे पुसण्याच्या कामी येतात. साडीला खरी जर असेल, तर तिचे आयुष्य आणखी एक वळण घेते. जुनी जर विकत घेणारे व्यापारी ती जाळतात आणि राखेतून चांदी काढतात. लग्नात नेसलेल्या शालूची किंमत शेवटी त्याच्या काठातल्या धातूइतकीच ठरते. दिल्लीत रघुबीरनगरच्या भागात पहाटेच्या अंधारात भरणारा जुन्या कपड्यांचा बाजार या साखळीतले मोठे ठाणे. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या स्त्रिया आदल्या दिवशी भांड्यांच्या बदल्यात मिळवलेले कपडे तेथे मांडतात आणि दिवस वर येण्याच्या आत त्यांचा निकाल लागतो. ल्युसी नॉरिस या अभ्यासक स्त्रीने भारतीय जुन्या कपड्यांच्या या प्रवासावर २०१० मध्ये एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. हरियाणातील पानिपत हे नाव मराठी मनाला १७६१ सालामुळे हुळहुळे करते. पण आजच्या पानिपतात जगभरचे टाकून दिलेले लोकरी कपडे फाडून, पिंजून, त्यांचे पुन्हा सूत काढून त्याच्या घोंगड्या विणल्या जातात. भूकंपाच्या वा महापुराच्या वेळी मदत म्हणून वाटल्या जाणाऱ्या स्वस्त घोंगड्यांत अशा सुताचा वाटा मोठा असतो.

या साखळीत एक गोष्ट आरंभापासून अखेरपर्यंत कायम राहते. वस्तूचा मूळ धनी आणि तिचा नवा धनी कधीही समोरासमोर येत नाहीत. मध्ये बोहारीण असते, भंगारवाला असतो, रद्दीवाला असतो, फेरीवाला असतो, बाजारातला मांडणीवाला असतो. एकाच्या घरची लाज आणि दुसऱ्याच्या घरची गरज यांची गाठ पडू नये, एवढ्यासाठी माणसांची एक लांबलचक रांग उभी केलेली आहे.

याच्या नेमकी उलट रीत इंग्लंडात पाहावयास मिळते. १९७० च्या दशकापासून तेथे एक नवा बाजार रूढ झाला. त्याला 'कार बूट सेल' म्हणतात. बूट म्हणजे मोटारीची डिकी. रविवारी पहाटे एखाद्या शेताच्या, शाळेच्या किंवा घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावर मोटारी ओळीने उभ्या राहतात. ज्याने त्याने जागेचे ठरलेले भाडे भरायचे, डिकी उघडायची, समोर एक घडीचे टेबल मांडायचे आणि घरातले नको असलेले सामान त्यावर ठेवायचे. मुले मोठी झाली म्हणून निरुपयोगी ठरलेली खेळणी, आजीच्या कपबशा, वाचून झालेल्या कादंबऱ्या, एका चाकाचे वंगण सुकलेली सायकल, ओव्हनला न चालणारी भांडी. वसंत ऋतूत याच टेबलांवर रोपेही दिसतात. परसातल्या काचघरात बियांपासून वाढवलेली टोमॅटोची रोपे, जिरेनियमच्या कुंड्या, बागेत दाटी झाली म्हणून उपटून आणलेले कंद. तात्पुरत्या बाजारासाठी एखादी मोकळी जागा परवान्याच्या कटकटीशिवाय वर्षातून १४ दिवस वापरता येईल, अशी सवलत तेथील नियोजनाच्या नियमांनी दिली, आणि त्या सवलतीच्या आधाराने हे बाजार गावोगाव फोफावले.

या बाजारात विकणारा आणि धनी एकच असतो, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. बँकेतला कारकून, निवृत्त शिक्षिका, गवंडी, परिचारिका आपल्या घरातील वस्तू शेजाऱ्यांसमोर मांडून उभे राहतात आणि 'हे विकायचे आहे' असे उघड म्हणतात. किटली का विकता, या प्रश्नाला उत्तर मिळते. ती गळते का, या प्रश्नालाही मिळते. खरे मिळतेच असे नाही, पण ज्याने ती किटली वापरली त्याच्याच तोंडून मिळते. रोप घेणाऱ्याला त्याला ऊन किती लागेल, गोगलगाय लागते का, हे ते वाढवणाराच सांगतो. निकी ग्रेगसन आणि लुईस क्रू या भूगोलाच्या अभ्यासकांनी अशा बाजारांचा आणि धर्मादाय दुकानांचा अभ्यास करून २००३ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. जुन्या वस्तूंची खरेदी हा नुसता काटकसरीचा भाग नसून तीत शोध, रंजन आणि आवडनिवड यांचे एक स्वतंत्र जग असते, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट होते.

अर्थात या चित्राला भुलण्याचेही कारण नाही. जेथे डिकी पुरती उघडण्याच्या आत व्यापारी टॉर्च घेऊन आत डोकावतात आणि मोलाची चीज चार पौंडांत उचलून नेतात, तेथेही भोळेपणाची किंमत मोजावी लागते. चोरीचा माल तेथेही येतो. किंबहुना इंग्लंडच्या कायद्याने या बाबतीत शतकानुशतके जी उदारता दाखवली, ती पाहिली तर आपला चोरबाजार अगदीच बापुडवाणा वाटावा. 'मार्केट ओव्हर्ट' अर्थात उघडा बाजार नावाचे एक जुने तत्त्व तेथे प्रचलित होते. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या दरम्यान, मान्यता पावलेल्या खुल्या बाजारात, प्रामाणिकपणे खरेदी केलेली वस्तू चोरीची निघाली, तरी ती घेणाऱ्याचीच होत असे. मूळ मालकाचा तिच्यावरचा हक्क संपत असे. जो माल दिवसाउजेडी सर्वांच्या डोळ्यांदेखत विकला गेला तो मालकाने वेळीच शोधायला हवा होता, असा त्यामागचा मध्ययुगीन युक्तिवाद. लंडनच्या दक्षिणेकडील बर्मंडसी येथे दर शुक्रवारी पहाटे भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार या तत्त्वामुळे विशेष ख्याती पावला होता. हे तत्त्व रद्द करणारा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९५ च्या आरंभी तो अमलात आला. भारताच्या १९३० च्या वस्तुविक्री कायद्याने मात्र खुल्या बाजाराला अशी सवलत कधी दिलीच नाही. विकणाऱ्याचा स्वतःचा हक्क जेवढा, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो, हे येथले सर्वसाधारण सूत्र. त्याला असलेल्या मोजक्या अपवादांत बाजाराचा उघडेपणा बसत नाही.

असे असूनही 'चोर' हा शब्द चिकटला तो आपल्या बाजाराला. मुंबईत भेंडीबाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवर आणि भोवतालच्या गल्ल्यांत जुन्या सामानाची दुकाने आहेत. शुक्रवारी ही नेहमीची दुकाने बंद असतात आणि पहाटे रस्त्यावरच दुसरा बाजार भरतो. लंडनच्या आणि मुंबईच्या बाजारांचा वार एकच असावा, हा केवळ योगायोग. मूळ नाव 'शोरबाजार', म्हणजे गलबल्याचा बाजार. साहेबाच्या जिभेवर त्याचे 'चोरबाजार' झाले, अशी एक आख्यायिका तेथे सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, ती सांगावीशी वाटते यातच त्या दुकानदारांच्या मनातला सल व्यक्त होतो. तीन-तीन पिढ्या काचेची झुंबरे, लाकडी खुर्च्या, ग्रामोफोनचे कर्णे आणि चित्रपटांची जुनी भित्तिपत्रके जपणारी माणसे आपल्या गल्लीच्या नावाची व्युत्पत्ती बदलू पाहतात. भाषेच्या अभ्यासकाने या व्युत्पत्तीला हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

नावे कशी चिकटतात याची साक्ष गावोगावचे बाजार देतात. कोल्हापुरात 'गुजरी' म्हणजे सराफांची पेठ. तेथे सोन्याचांदीचे व्यवहार होतात. अहमदाबादेत 'गुजरी' म्हणजे साबरमतीच्या काठी रविवारी भरणारा जुना बाजार; पंधराव्या शतकातल्या अहमदशहापर्यंत त्याची परंपरा नेऊन भिडवली जाते. हैदराबादेत गुरुवारचा 'जुमेरात बाजार' आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरत आलेल्या मंगळवार पेठेतल्या बाजाराला तर 'जुना बाजार' एवढेच नाव. जणू बाजारच जुना, माल नव्हे. शब्द तोच, पण कोठे त्याला सोन्याचा मान आणि कोठे भंगाराची उपेक्षा.

ही उपेक्षा केवळ शब्दांपुरती राहिलेली नाही. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि फिरता धंदा करून जगणाऱ्या कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांची त्या यादीतून मुक्तता झाली. संशयाच्या यादीतून झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाने हा संशय माणसाचे सारे आयुष्य कसे पोखरतो ते मराठी वाचकांपुढे ठेवले. साहित्य अकादेमीने १९८८ मध्ये त्याचा गौरव केला. त्या पुस्तकानंतर मराठी मध्यमवर्गीय वाचकाला 'उचल्या' हा शब्द पूर्वीइतक्या निर्धास्तपणे उच्चारता आला नाही. 'बोहारीण', 'भंगारवाला', 'रद्दीवाला' या शब्दांच्या बाबतीत असे व्हायचे अजून बाकी आहे. घराची लाज राखण्यासाठी ज्यांना मध्ये उभे केले, त्यांनाच समाजाने लाजिरवाणे ठरवले. आणि घरातून मुकाट्याने बाहेर गेलेली वस्तू बाजारात दिसली की ती चोरीचीच असणार, असा तर्क केला.

या तर्काला पुण्यात संघटित उत्तर मिळाले. १९९३ मध्ये तेथे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. कचरावेचक आणि फिरत्या खरेदीदार स्त्रिया तिच्या सभासद झाल्या, त्यांना ओळखपत्रे मिळाली. ओळखपत्र ही किरकोळ गोष्ट वाटेल. परंतु जिला आजवर धंद्याच्या नावाने हाक मारली गेली, तिचे स्वतःचे नाव आणि छायाचित्र एका कार्डावर छापले जाणे, हा त्या व्यवहारातला मोठा बदल होता.

नावाचा प्रश्न वस्तूंच्या बाबतीतही आहेच. महाराष्ट्रात भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात दिलेल्या ताटावाट्यांवर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नाते आणि तारीख कोरलेली असते. 'चि. सौ. कां.' पासून 'आत्याकडून' पर्यंतचा मजकूर त्या दोन बोटे जागेत बसवला जातो. जुन्या बाजारात पितळी तांब्यांची आणि डब्यांची रास पाहिली, तर तिच्यात अशी शेकडो नावे वाचायला मिळतात. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघर जिंकले. कल्हई नको, चिंच लावून घासणे नको, अशा सोयीच्या रेट्याने तांब्यापितळेची भांडी घरोघरीहून मोडीत गेली. मोडीचा भाव वजनावर ठरतो. कोरलेल्या अक्षरांनी वजनात भर पडत नाही. उलट कोरताना धातू गेला असेल तर तेवढी घटच. मोडवाल्याच्या तागडीत आत्याचे प्रेम शून्य भरते.

पण सगळीच भांडी वितळली नाहीत. पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरील राजा केळकर वस्तुसंग्रहालयात ती दिसतात. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. दिवे, अडकित्ते, फण्या, कुंकवाचे करंडे, दौती, वाद्ये, कुलपे असा सुमारे २०,००० वस्तूंचा संग्रह त्यांनी गावोगाव फिरून, जुने वाडे पालथे घालून जमवला. बालपणीच निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव त्याला दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजवाड्यातल्या तलवारींपेक्षा स्वयंपाकघरातल्या अडकित्त्याकडे ज्याची नजर आधी गेली, त्या संग्राहकाने एका अर्थी बोहारणीची नजर पत्करली होती. ती ज्या टोपलीत वस्तू टाकते तीत मोल ठरते बाजाराकडे पाहून. त्याने मोल ठरवले ते वस्तू वापरणाऱ्या हातांकडे पाहून. एवढाच काय तो फरक. पण या फरकामुळे एका समाजाचे घरगुती जीवन वाचले.

पुस्तकांचे भवितव्य याहून वेगळे नाही. एखादा व्यासंगी वाचक जातो. त्याची मुले दुसऱ्या शहरात, अनेकदा दुसऱ्या देशात असतात. घर रिकामे करायचे असते, ग्रंथालये जागेअभावी देणगी स्वीकारण्यास राजी नसतात. शेवटी रद्दीवाल्याला बोलावले जाते आणि चाळीस वर्षांची जुळवाजुळव किलोच्या भावाने दोन हातगाड्यांत मावते. त्यातली काही पुस्तके लगद्याकडे जातात. काही फुटपाथवर येतात, आणि तेथे एखादा विद्यार्थी पहिले पान उलटतो: 'सप्रेम भेट', खाली लेखकाची सही. समासात पेन्सिलीने काढलेली रेघ, एखाद्या विधानापुढे प्रश्नचिन्ह, मागच्या पानावर संदर्भांचे आकडे. ज्याने ही पुस्तके विकली त्याला त्या खुणा दिसल्या नाहीत. ज्याने घेतली त्याला त्यांचा धनी कोण ते ठाऊक नाही. तरीही दोन वाचकांमधला संवाद त्या पानावर घडतोच, आणि तो घडवून आणणारा रद्दीवाला बहुधा त्यातली भाषा वाचत नसतो. मराठीतल्या कितीतरी नियतकालिकांचे सुटे अंक अभ्यासकांना अशाच वाटांनी गवसले आहेत. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाने वाड्यांच्या माळ्यांवरील जुन्या कागदांवर आपली भिस्त ठेवली आहे. त्या कागदांनाही त्यांच्या वारसांच्या लेखी मोडीचाच भाव होता. आणि ते लिहिलेही मोडीतच होते.

दिल्लीच्या दर्यागंजमध्ये रविवारी पदपथावर भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वाहतुकीच्या अडथळ्याच्या कारणास्तव बंद झाला. सप्टेंबरमध्ये तो जवळच्याच 'महिला हाट' या कुंपणाच्या जागेत पुन्हा सुरू झाला. याच देशात २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार मानावे आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व नमूद केले आहे. कुंपणाच्या आत छत आहे, पाण्याची सोय आहे. परंतु पदपथावर वाट चालता चालता पुस्तकावर नजर पडणारा माणूस आणि ठरवून फाटकातून आत जाणारा माणूस हे एक नव्हेत. जुन्या वस्तूंचा बाजार जाहिरातीवर चालत नाही. रस्त्यावरच्या योगायोगावर चालतो. तो उठवला म्हणजे नुसती वाहतूक मोकळी होत नाही, योगायोगाची वाटही बंद होते.

मग आपल्याकडेही डिकी उघडून मैदानात उभे राहावे काय? काही महानगरी गृहसंकुलांत असे बाजार अधूनमधून भरू लागले आहेत, आणि घासाघिशीचे बहुतेक काम आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होते. तेथे विकणारा 'विकायचे आहे' असे निःसंकोच लिहितो, हे खरे. पण या नव्या मोकळेपणात बोहारणीला जागा नाही. संकोच गेला तो मधल्या माणसांना बरोबरीची वागणूक देऊन नव्हे. त्यांना वगळून गेला. ज्या स्त्रीने पिढ्यान्पिढ्या मध्यमवर्गाची लाज आपल्या टोपलीत वाहिली, तिचे ओझे उतरले नाही, तिची मिळकत तेवढी कमी झाली. इंग्लंडच्या मैदानातून घेण्यासारखे काही असेल, तर ते मोटार नव्हे. आपण विकतो आहोत हे मान्य करणे आणि समोर घेणाऱ्याला नाव असलेला माणूस समजणे, एवढेच घ्यावे. त्यासाठी मैदान लागत नाही. दुपारचा उंबरठा पुरतो.

मोठ्या जुन्या बाजारांच्या कडेला बहुधा एखादा रोपेवाला बसलेला असतो. तेलाच्या रिकाम्या डब्यांत आणि फुटक्या बादल्यांत मोगरा, तुळस, सदाफुली, कढीलिंब. डबे बाजारातलेच, मोडीच्या भावाने घेतलेले. रोपे त्याने स्वतः फांदी खोचून रुजवलेली. त्या साऱ्या बाजारात आपल्या मालाचा मागचा इतिहास आणि पुढचे भवितव्य दोन्ही सांगू शकणारा तो एकटाच. मनीप्लांट चोरून आणला तरच वाढतो, असे मानणारी गिऱ्हाइकेही त्याच्याकडे पैसे मोजून रोप घेतात. 'ताई, दोन दिवस उन्हात ठेवू नका. मूळ धरलं की मग कुठंही ठेवा,' असे तो सांगतो. ज्या डब्यात ते रोप दिले जाते त्यावर कोणत्या तरी घराचे नाव कोरलेले असू शकते. मातीखाली ते दिसत नाही. पण डबा कामाला आलेला असतो.